खवटपणाची व्युत्पत्ती

चिडखोर, कुरकुऱ्या आणि बहुधा वयोवृद्ध अशा इसमास इंग्रजीत ‘कर्मजन’ म्हणतात. सोळाव्या शतकापासून चलनात असलेल्या या शब्दाचे कूळ पंडितांना आजतागायत गवसलेले नाही, आणि त्याचे हे ताकास तूर लागू न देणे मला त्याच्या स्वभावास साजेसेच वाटते. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात तो ‘कर मेशाँ’, म्हणजे दुष्ट हृदय, या फ्रेंच शब्दांपासून आल्याचे नोंदविले आणि ही माहिती ज्याने पत्राने कळविली त्याचे नाव ठाऊक नसल्यामुळे पुढे प्रामाणिकपणे ‘अज्ञात पत्रलेखक’ एवढीच साक्ष घातली. वीस वर्षांनी जॉन अ‍ॅश नामक कोशकाराने ती नोंद उतरून घेताना साक्षीदारालाच अर्थ समजून ‘कर’ म्हणजे अज्ञात व ‘मेशाँ’ म्हणजे पत्रलेखक असे बेधडक छापले! नक्कलनविसाची याहून गोड फजिती मला तरी ठाऊक नाही. जॉन्सनच्या लेखी मात्र हा इसम प्राधान्येकरून कंजूष होता. पैशाचा कृपण तो पुढे सौजन्याचाही कृपण ठरला.

आपल्याकडील सामग्रीचा आढावा थोडक्यात उरकतो. पुराणांनी दुर्वास आणि जमदग्नी दिले. अरबी-फारशीतून आलेल्या ‘कज्जा’पासून कज्जेदलाल झाला, आणि मूळचा नुसता प्रकृतिवाचक ‘मिजाज’ मराठीत ‘मिजास’ होऊन ताठ्याने चालू लागला. तापट माणूस भडकतो नि निवतो, तिरसट सरळ प्रश्नाला वाकडे उत्तर देतो, तुसड्याला माणूसच नको असतो. ‘खाष्ट’ हे विशेषण सासूकरिता जणू राखून ठेवलेले आहे. सासऱ्यांना ही माफी कोणत्या सनदेने मिळाली, ते न कळे. अधिक जिज्ञासूंनी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचे कोश चाळावेत.

परंतु ‘कर्मजन’ला खरा जोडीदार मला कोशात नव्हे, किकवीत भेटला. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ मागे टाकले की, भोर तालुक्यातले हे गाव लागते. तेथे चहाच्या टपरीवर बसलेल्या एका वृद्धास मी अदबीने विचारले, “आबा, बसू का हितं?”

“बाकडं काय माझ्या बानं केलंय व्हय?”

“मनावर घेऊ नका, पाव्हणं,” चहावाला म्हणाला, “आमचं आबा जरा खवट हायेत.”

माझ्या चहाचे पैसे मात्र, “गप बसा,” असे खेकसून आबांनीच दिले.

खवट! हा शब्द खोबऱ्याचा, शेंगदाण्याचा, तेलाचा. ताजे फोडलेले खोबरे खवट नसते. त्यातील तेलाचा हवेतील प्राणवायूशी दीर्घकाळ संबंध आला म्हणजे तो वास सुटतो, अर्थात त्याला काळ लागतो आणि मुळात तेल लागते. तेलाला संस्कृतात स्नेह म्हणतात. तेव्हा ज्यात स्नेहच नाही असा चुन्यासारखा पदार्थ कितीही जुना झाला तरी खवट होण्याचा संभव नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तील रत्नागिरीचा अंतू बर्वा मला याच जातकुळीचा वाटतो, त्याच्या तिरकस बोलण्याच्या तळाशी किती ओलावा आहे, हे वाचकाला हळूहळू उमगत जाते.

माझे मुंबईकर स्नेही ‘खडूस’चा दावा हिरीरीने मांडतात. त्यांच्या शहराने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, आणि सहजी बळी न देणाऱ्या, प्रतिपक्षाला एका धावेचीही मेहेरबानी न करणाऱ्या तिथल्या खेळाडूवृत्तीला ‘खडूस’ हे बिरुद सन्मानाने चिकटले, ही गोष्ट मला मान्य आहे. तथापि खडूसपणा विशीतल्या फलंदाजालाही साधतो, म्हणजे वयाची अट पुरी होत नाही. सबब त्यांचा अर्ज मी नामंजूर करून दफ्तरी दाखल केला आहे.