घाम येतो, पण जातो कुठे?

मे महिन्यात पनवेलजवळच्या करंजाड्यात आंघोळ करून बाहेर पडलेला माणूस रिक्षा मिळेपर्यंत पुन्हा भिजलेला असतो. पारा असतो जेमतेम ३४ वर. नागपूरचे नातेवाईक फोनवर ४४ सांगतात आणि आपली तक्रार हसण्यावारी नेतात. पण शरीराचं गणित वेगळं आहे.

आपण नुसते बसून असलो, तरी शरीर तासाला साधारण ७५ ते ८० किलोकॅलरी उष्णता तयार करतं. ती बाहेर पडलीच नाही, तर ६० किलोच्या माणसाचं तापमान दर तासाला सुमारे दीड अंशाने चढेल आणि तीन तासांत ४१च्या पुढे जाईल. हे घडत नाही, कारण मेंदूतलं हायपोथॅलॅमस नावाचं इवलंसं केंद्र रक्ताच्या तापमानावर सतत नजर ठेवून असतं. गरज पडली की ते मज्जातंतूंमार्फत त्वचेतल्या २० ते ४० लाख घर्मग्रंथींना कामाला लावतं.

एकेक ग्रंथी म्हणजे वेटोळं घातलेली सूक्ष्म नळी. तिच्या तळाशी पाझरणारं पाणी जवळजवळ रक्तद्रवाइतकंच खारट असतं. पण वर त्वचेपर्यंत येताना नळीच्या भिंती त्यातलं बरंचसं मीठ परत शोषून घेतात! उन्हात काम करायची सवय आठवड्या-दोन आठवड्यांत अंगवळणी पडते, तेव्हा घाम लवकर आणि भरपूर येऊ लागतो. मीठ मात्र आणखी काटकसरीने खर्च होतं. इतक्या दाट घर्मग्रंथी चिंपांझीकडेही नाहीत. आपल्याकडे त्या सुमारे दहापट आहेत.

खरी जादू पुढेच आहे. घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम उडाल्याने होतं. त्वचेवरचं एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं. साठ किलोच्या शरीराचं तापमान एक अंशाने उतरवायला ५० पुरतात. म्हणजे त्या एका लिटरात केवढी ताकद आहे पाहा. पण हनुवटीवरून टपकलेला थेंब शरीराच्या काहीच कामाचा नाही. पाणीही गेलं, मीठही गेलं.

करंजाड्याचं दुखणं नेमकं हेच. खाडी जवळ, हवा आधीच बाष्पाने भरलेली. घामाला उडायला जागा कुठे? विदर्भातला वाळ्याचा कूलर पनवेलला आणून लावला तर घर गार होण्याऐवजी दमट होतं, तेही याच कारणाने. थर्मामीटरच्या टोकाला ओला फडका गुंडाळला की पाणी उडून हवा कितपत गार करू शकतं ते कळतं. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा ओला पारा २३ अंशांच्या आसपास उतरतो. ३४ अंश आणि ६५ टक्क्यांना तो २८च्या वरच अडकतो. नागपूरचं ऊन सुसह्य आहे असं मला म्हणायचं नाही, तिथली तापलेली हवा उलट अंगातच उष्णता ओतते. पण दमट हवेतली ३४ ही किरकोळ गोष्ट नव्हे.

१६ एप्रिल २०२३ला इथून जवळच, खारघरला, महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक उघड्या मैदानात बसले होते. तापमान ३८च्या आसपास होतं, ४४ नव्हे. उष्माघाताने १४ जण दगावले.

म्हणून दमट दिवसांत पाऱ्याचा एकटा आकडा पाहू नका. सैल सुती कपडे घाला, वारा लागेल असं बसा, तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. आणि उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं, भोवळ येऊन पडलं, तर घाम येतोय की नाही हे तपासत बसू नका. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ला फोन करा.