घरचा कॉम्प्युटर दगा देतोय? नवा घेण्याआधी हे तपासा

मंडळी, कॉम्प्युटर सारखा अडकतो म्हणून लगेच नवा घेऊ नका. आधी दुखणं ओळखा.

🔹 सुरू व्हायलाच खूप वेळ लागतो? बहुधा जुनी हार्ड डिस्क. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. एसएसडी बसवली की फरक लगेच जाणवतो.

🔹 मध्येच बंद पडतो? पंख्यातली धूळ, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) तपासून घ्या.

🔹 तारीख-वेळ सारखी चुकते? मदरबोर्डवरचा सेल बदला. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो.

🔹 विंडोज १० आहे? त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षा-सुविधा) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तेवढं नसेल तर इंटरनेट आणि मुलांच्या अभ्यासासाठी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम छान चालते.

मदरबोर्डच गेला असेल, तर मात्र जुन्यावर पैसे घालू नका. नव्यात १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी बघा. काम एकाच जागी बसून होणार असेल तर डेस्कटॉपच घ्या; त्याचे भाग पुढे सहज बदलता येतात.

आणि दुरुस्ती असो वा खरेदी, फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप आजच घ्या!