कार्यालयातला उजेड आणि नव्या कॅमेऱ्याचा मोह

मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री सुरू होतात आणि दोघं एकमेकांना हार घालतात. सगळं पाच-सात सेकंदांत आटोपतं. ‘पुन्हा एकदा घाला’ असं फोटोग्राफर सांगून पाहतातच, पण पहिल्या वेळचं हसू दुसऱ्या वेळी येत नाही. रात्री घरातला हौशी मामेभाऊ लॅपटॉप उघडून बसतो. नवरीचा हात फराटा ओढल्यासारखा दिसतो, नवरदेव पिवळट पडलेला असतो, चेहरा मोठा करून पाहिला तर गालांवर दाणे असतात. त्याच रात्री मोबाइलवर शोध सुरू होतो: फुल फ्रेम कोणता घ्यावा?

दोष कॅमेऱ्याचा असेलही. मात्र बारसं, डोहाळजेवण, मुंज, साखरपुडा असे घरातले आणि कार्यालयातले कार्यक्रम टिपणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा खोट दुसरीकडेच सापडते, आणि दुरुस्तीला लाखभर रुपये लागत नाहीत.

दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. रात्री दोन ट्यूबलाइट लावलेल्या दिवाणखान्यात तो जेमतेम शंभर लक्सच्या आसपास असतो. म्हणजे हजारपटीचा फरक. डोळे सरावत असल्यामुळे माणसाला तो जाणवत नाही. ‘भरपूर उजेड आहे की’ असं यजमान मनापासून सांगतात आणि कॅमेरा मात्र अंधारात चाचपडत असतो.

कॅननचा १५०० डी किंवा निकॉनचा डी ५६०० यांसारख्या कॅमेऱ्यांसोबत १८ ते ५५ मिलिमीटरची किट लेन्स मिळालेली असते. झूम पूर्ण ताणला की तिचं तोंड एफ ५.६ च्या वर उघडत नाही. घरातल्या अशा उजेडात आयएसओ ३२०० ठेवला, तरी शटरचा वेग सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंतच जातो. स्तब्ध बसलेल्या आजोबांसाठी तो पुरतो, अक्षता टाकणाऱ्या हातासाठी नाही. बोलत उभ्या माणसांना निदान १/१२५ हवा, अक्षतांना १/२५०, आणि हळदीच्या नाचाला त्याच्याही पुढे. आता त्याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, चढवा. त्याच उजेडात, त्याच आयएसओला वेग १/३०० च्या घरात जातो. कारण गणिती आहे: ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की जवळपास पावणेदहा येतात, आणि तितक्या पट प्रकाश आत येतो.

याच्या शेजारी नवा कॅमेरा मांडून पाहावा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, कॅननचा छोटा सेन्सर २२.३ बाय १४.९ चा. क्षेत्रफळ सुमारे २.६ पट. हा फायदा खराच आहे, पण २०२३ मध्ये आलेल्या कॅननच्या आर ८ सोबत जी २४ ते ५० मिलिमीटरची किट लेन्स दिली जाते, ती पूर्ण ताणली की एफ ६.३ वर येते. म्हणजे जुन्या किट लेन्सपेक्षाही अंधारी! सेन्सरने दिलेलं लेन्स थोडं काढून घेते, आणि दोन्ही झूम पुढपर्यंत ताणून हिशेब केला तर हाती साधारण दुप्पट प्रकाश उरतो. नव्या सेन्सरची थोडी सफाई वेगळी. एकीकडे बॉडी बदलून दुप्पट, दुसरीकडे दहा हजारांच्या आसपासची लेन्स घेऊन पावणेदहा पट. दुकानात ही तुलना सहसा कोणी करून दाखवत नाही. काउंटरवर बोलणं होतं ते मेगापिक्सेलचं.

मेगापिक्सेलचा मुद्दा तर इथे गौणच आहे. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंचांचं धरलं, तर एका बाजूचा फोटो १२ बाय १८ चा होतो. इंचाला ३०० ठिपक्यांच्या दर्जेदार छपाईसाठी त्याला १९.४ मेगापिक्सेल लागतात. १५०० डी मध्ये २४.१ आहेत.

प्राइम लेन्सची स्वतःची कुरबुर आहे आणि ती घेण्याआधी ऐकलेली बरी. ५० मिलिमीटरची लेन्स छोट्या सेन्सरवर ८० च्या आसपासची वाटते. उभ्या माणसाचा नखशिखांत फोटो घ्यायचा तर चार मीटरच्या वर मागे सरकावं लागतं, आणि दहा बाय बाराच्या खोलीत त्याआधीच पाठ भिंतीला टेकते. कमरेपर्यंतच्या फोटोला दोन-सव्वादोन मीटर पुरतात. म्हणून फ्लॅटमधल्या बारशाला निकॉनवाल्यांनी ३५ मिलिमीटरची एफ १.८ आणि कॅननवाल्यांनी २४ मिलिमीटरची एफ २.८ पाहावी. दुसरी कुरबुर फोकसची. ५० मिलिमीटर, एफ १.८ आणि दोन मीटर अंतर असेल, तर रेखीव पट्टा जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटरचा असतो. नवरीच्या पापण्या स्वच्छ येतात, मागे उभी असलेली करवली धुरकट होते. घोळक्याच्या फोटोला एफ ४ किंवा ५.६ वर यावंच लागतं, आणि मग प्रकाशाची बचत संपते.

निकॉनवाल्यांसाठी आणखी एक खाचखळगा. डी ३५०० किंवा डी ५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते. बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी ५० मिलिमीटरची ‘डी’ लेन्स त्यावर बसते, फोटोही काढते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. ‘जी’ लेन्स घ्यावी. पुढे निकॉनचा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा घेऊन अ‍ॅडॅप्टर लावला, तरी त्या ‘डी’ लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही.

खर्च करण्याआधी एक तपासणी घरबसल्या होते. मागच्या कार्यक्रमातले बिघडलेले फोटो उघडावेत आणि प्रत्येकाच्या तपशिलात शटर, छिद्र आणि आयएसओ पाहावेत. मग फोटो शंभर टक्के मोठा करावा. गळ्यातली ठुशी रेखीव आहे आणि हात फराटला आहे, तर माणूस हलला आहे. वेग वाढवायला हवा. फोटोतलं सगळंच एका दिशेला सरकलेलं दिसत असेल, तर छायाचित्रकाराचा हात हलला आहे. चेहरा मऊ आहे आणि मागच्या पडद्याची वीण न् वीण दिसते आहे, तर फोकस चुकला आहे. लेन्समधली किंवा बॉडीतली स्थिरता यंत्रणा यातला फक्त दुसरा दोष सुधारते, हे विकत घेणाऱ्याला फार उशिरा कळतं. समोरचा माणूस हलला तर तिचा काडीचा उपयोग नाही.

तिसऱ्या प्रकारचे फोटो ढिगाने निघाले, तर नव्या बॉडीचा विचार रास्त आहे. १५०० डी मध्ये फोकसचे नऊ बिंदू आहेत आणि त्यातला मधला तेवढा क्रॉस प्रकारचा. कमी उजेडात भरवशाचा तोच. त्यामुळे डोळ्यावर फोकस घ्यायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं, चौकट सरकवायची. तोवर बाळाने मान वळवलेली असते. आजचे मिररलेस कॅमेरे चौकटीच्या जवळजवळ कुठल्याही कोपऱ्यातला डोळा स्वतः शोधतात आणि त्याचा पाठलाग करतात. एफ १.८ च्या चिंचोळ्या पट्ट्यात हलत्या माणसाचा डोळा धरणं हे त्यांचं खरं कर्तृत्व. यासाठी फुल फ्रेमच घ्यायला हवा असंही नाही. २०२३ चा कॅननचा आर ५० छोट्या सेन्सरचाच आहे आणि त्यात ही सोय आहे. अ‍ॅडॅप्टर लावला की त्याला जुनी ५० मिलिमीटरही चालते.

दाण्यांच्या तक्रारीची धार मात्र गेल्या काही वर्षांत बोथट झाली आहे. २०२० मध्ये डीएक्सओ कंपनीचं दाणे पुसणारं डीपप्राइम आणि एप्रिल २०२३ मध्ये अडोबीच्या लाइटरूममधलं डिनॉइज आलं. रॉ फाइलवर ते चालवलं की आयएसओ ६४०० चा फोटो बिनदिक्कत छापता येतो. अट एकच, फोटो काढतानाच पुरेसा उजळ घ्यायचा. आयएसओ कमी ठेवायच्या हट्टापायी काळा काढून नंतर उजळवलेल्या फोटोत दाणे जास्त उठतात. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच जायचे असतील तर या चिंतेत झोप घालवू नये. तिथे आकार कमी होतानाच निम्मे दाणे विरतात.

हे सगळं आहे त्याच उजेडात काम करण्याबद्दल झालं. उजेडच बदलता येतो, हे हौशी मंडळी विसरतात. कोल्हापूरकरांना हे सांगायची गरज पडू नये. त्यांच्याच गावच्या चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला म्हणून त्यांचं कौतुक होतं, पण कृत्रिम दिव्यांवर चित्रण करण्याच्या भारतातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांतही त्यांच्या १९२३ च्या ‘सिंहगड’ या चित्रपटाचं नाव घेतलं जातं. आज तेच काम खिशाला परवडणारा फ्लॅश करतो. त्याचं डोकं थेट चेहऱ्यावर रोखलं तर पासपोर्ट फोटो तयार होतो, कपाळ चमकतं आणि मागे भिंतीवर काळी सावली पडते. तेच डोकं पांढऱ्या छताकडे वळवलं की सगळं छतच दिवा होतं आणि प्रकाश मऊ होऊन खाली उतरतो. साडेनऊ-दहा फुटांच्या छताच्या फ्लॅटमध्ये ही युक्ती कधी फसत नाही.

कार्यालयात फसते. तिथलं छत वीस-पंचवीस फुटांवर असतं आणि अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. शिवाय वर गुलाबी-जांभळ्या कापडाच्या झालरी ताणलेल्या असतात. त्यांवरून परतलेला प्रकाश वधूवरांना गुलाबी करून सोडतो, आणि एडिटिंगमध्ये तो रंग काढता काढता शालूचा मूळ रंगही हरवतो. अशा वेळी बाजूची पांढरी भिंत शोधावी, नाहीतर स्टँडवर छत्री लावून फ्लॅश लांबून चालवावा. स्टेजवर पिवळे हॅलोजन असतील तर फ्लॅशच्या तोंडाला नारिंगी जिलेटिन लावलं की दोन्ही प्रकाश एका रंगाचे होतात. नवरदेव पिवळट आणि मागची मंडळी निळसर, हा घोळ महागड्या बॉडीनेही सुटत नाही.

घरच्या पोर्ट्रेटसाठी तर खिडकी आहेच. सकाळी ट्यूबलाइट बंद करायची, माणसाला खिडकीपासून हात-दोन हातांवर तिरकं बसवायचं, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायची. खर्च शून्य.

नव्या कॅमेऱ्यांनी एक नवं दुखणंही आणलं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. वेगाने फोटो काढले की एक उजळ, एक काळवंडलेला असं होतं, आणि मिररलेसवर आवाज बंद करून इलेक्ट्रॉनिक शटर लावला की चेहऱ्यावर आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवला तर पट्टे जातात, मेकॅनिकल शटर वापरला तर निदान कमी होतात. मात्र स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर तिची लुकलुक निराळीच असते. तिथे दोन-चार फोटो आधी काढून पाहावेत.

तरीही बिनआवाजी शटर ही चैन नाही. गायनाच्या मैफलीत किंवा नाट्यगृहात फ्लॅश चालत नाही. विलंबित आलापात डीएसएलआरच्या आरशाची खटखट पुढच्या तीन रांगांना ऐकू जाते आणि माना वळतात. तिथे मिररलेसला पर्याय नाही. रंगमंचावर प्रकाश पुष्कळ असतो, अडचण असते ती अंतराची. म्हणून अशा कामाला ७० ते २०० मिलिमीटरची एफ २.८ लागते. तिचं वजन दीड किलोच्या आसपास आणि किंमत बॉडीच्या तोडीची. महिन्यातून एकदा मैफल टिपणाऱ्याने ती एका दिवसाच्या भाड्याने आणावी. पुण्या-मुंबईत अशी दुकानं आहेत, अनामत आणि ओळखपत्र ठेवून घेतात.

पैसे घेऊन लग्नाची ऑर्डर करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यासाठी दोन कार्डांची बॉडी ही पहिली गरज आहे. एकुलतं कार्ड बिघडलं तर सप्तपदी परत करून मिळत नाही. आर ८ मध्ये कार्ड एकच बसतं. निकॉनचा २०२० चा झेड ५ आणि सोनीचा २०१८ चा ए ७ थ्री यांत दोन बसतात, आणि हे दोन्ही आता सेकंडहँड मिळतात. मुंबईत बोरा बाजारात किंवा कुठेही जुना घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालं, ते विचारावं. लग्नाच्या एका दिवसात दोन-तीन हजार फोटो सहज होतात, त्यामुळे ‘दोनच वर्षं वापरलाय’ या वाक्याला अर्थ नाही. लेन्स उजेडाकडे धरून आतून पाहावी. कोकण-मुंबईच्या दमट हवेत काचेवर बुरशीचे धागे धरतात.

तर किट लेन्सवर काम चालवणाऱ्या हौशी माणसाने आधी एफ १.८ ची प्राइम घ्यावी, मग डोकं फिरणारा फ्लॅश. वर्षभर दोन्ही वापरून झाल्यावरही फोकसच चुकत असेल, आवाजाची अडचण येत असेल किंवा कामाचे पैसे मिळू लागले असतील, तर बॉडी बदलावी. ती घ्यायचीच असेल, तर तुळशीच्या लग्नाआधी महिनाभर घ्यावी आणि घरच्या दोन-तीन कार्यक्रमांत हाताळावी. मुहूर्ताच्या आदल्या रात्री खोक्यातून काढलेल्या कॅमेऱ्याची बटणं अंधारात सापडत नाहीत.