वेकसर्फिंग : नौकेतील नीरम व लाटेची जुळणी

वेकसर्फिंग : चालत्या मोटरनौकेच्या मागे उमटणाऱ्या लाटेवर, दोराचा आधार न घेता, फळीवर उभे राहून तोल सावरीत पुढे सरकत जाण्याचा जलक्रीडाप्रकार. जलस्कीइंगमध्ये खेळाडूला नौका ओढून नेते. ह्या खेळात मात्र केवळ लाटच त्याला पुढे नेते. आरंभी उभे राहण्यापुरता आखूड दोर हाती दिलेला असतो. लाटेच्या उतारावर फळी स्थिरावली की स्वार तो दोर सोडून देतो. त्यामुळे ह्या खेळात नौका हे वाहन नसून लाट निर्माण करणारे यंत्र होय. तिच्यात वजन किती ठेवावे, ते कोठे ठेवावे, तिचा वेग किती असावा आणि पिछाडीशी पाण्याचा प्रवाह कसा वळवावा, ह्यांवर लाटेची उंची, लांबी व स्वच्छपणा अवलंबून असतो.

इतिहास : समुद्रतरंगांवर फळीच्या साह्याने स्वार होण्याची कला मूळची पॉलिनीशियातील, विशेषतः हवाई बेटांतील. मोटरनौकेच्या लाटेवर समुद्रातील नेहमीच्याच फळीने स्वार होण्याचे प्रयोग अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास झाले. १९८५ मध्ये सॅन डिएगो येथील टोनी फिन ह्यांनी ‘स्कर्फर’ नावाची आखूड फळी प्रचारात आणली. तिच्यापासून पुढे वेकबोर्डिंग हा खेळ विकसित झाला. ह्या खेळासाठी मोठ्या लाटेची गरज भासू लागल्याने नौकेत मुद्दाम पाणी भरून ती जड करण्याची पद्धत १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. वेकसर्फिंगने हीच साधने घेतली. प्रारंभी नौका एका अंगावर कलती करून तिकडची लाट मोठी करीत. २०१२ मध्ये मॅलिबू ह्या अमेरिकन नौकानिर्मात्या कंपनीने ‘सर्फ गेट’ ही रचना पुढे आणली. तिच्यामुळे नौका न कलविताही लाटेची बाजू ठरविणे शक्य झाले आणि लवकरच इतर निर्मात्यांनीही आपापल्या रचना तयार केल्या.

लाटेची उत्पत्ती : नौका पुढे जाताना आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. तिच्या मागे ते पाणी पुन्हा एकत्र येऊ पाहते व गुरुत्वाकर्षणामुळे खालीवर आंदोलन पावते. ह्या आंदोलनातून दोन प्रकारच्या लाटा निर्माण होतात. नौकेच्या मार्गाला आडव्या असणाऱ्या त्या अनुप्रस्थ लाटा आणि दोन्ही बाजूंस तिरप्या पसरत जाणाऱ्या त्या अपसारी लाटा. खोल पाण्यात ह्या संपूर्ण तरंगरचनेच्या कडा मार्गरेषेशी प्रत्येकी सु. १९° २८′ एवढा कोन करतात, असे लॉर्ड केल्व्हिन ह्यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले. ही रचना नौकेबरोबरच पुढे सरकत असल्याने नौकेतून पाहणाऱ्याला ती स्थिर भासते. लाटेच्या उतारावरील स्वाराच्या वजनाचा उताराच्या दिशेतील घटक आणि फळीला होणारा पाण्याचा रोध ह्यांचा समतोल साधला की तोही नौकेच्या वेगानेच पुढे जात राहतो.

खोल पाण्यातील तरंगाचा वेग व तरंगलांबी ह्यांचा परस्परसंबंध निश्चित असतो. तरंगलांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेकसर्फिंगमध्ये नौकेचा वेग सामान्यतः ताशी १६ ते १९ किमी. असतो. ताशी १८ किमी. म्हणजे दर सेकंदास ५ मी. ह्या वेगाला अनुप्रस्थ लाटेची लांबी सु. १६ मी. येते. वेगात थोडी वाढ केली तरी लाट लक्षणीय लांब होते, ती ह्याच कारणाने.

नौकेचा वेग आणि तिची लांबी ह्यांचे लाटनिर्मितीशी असलेले नाते विल्यम फ्रूड ह्या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये टॉर्की येथे बांधलेल्या प्रयोगकुंडातील लहान प्रतिकृतींच्या साह्याने अभ्यासले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा अंक सु. ०·५ असताना नौकेची सर्वाधिक शक्ती लाटा निर्माण करण्यात खर्च होते. पाण्याच्या रेषेवर ६·५ मी. लांब असलेल्या नौकेला ताशी १८ किमी. वेगाला हा अंक सु. ०·६ येतो. म्हणजे नौका पाणी सारीत चालण्याची अवस्था संपवून पृष्ठावरून घसरू लागण्याच्या बेतात असते. तिची नाळ वर उचललेली व पिछाडी खोल रुतलेली असते. अन्य कोणत्याही प्रवासी नौकेला ही अवस्था नकोशी असते; ती शक्य तितक्या लवकर ओलांडावी लागते. वेकसर्फिंगमध्ये मात्र नौका ह्याच अवस्थेत हेतुपुरस्सर रोखून धरतात.

नीरम : नौका स्थिर राहावी वा योग्य प्रमाणात बुडावी म्हणून तिच्यात मुद्दाम ठेवलेल्या वजनाला कोकणच्या खलाशांच्या भाषेत नीरम म्हणतात. शिडाच्या गलबतांत त्यासाठी दगड किंवा वाळू वापरीत. वेकसर्फिंगच्या नौकेत ते काम पाणी करते. गोड्या पाण्याच्या एका लिटरचे वजन सु. १ किग्रॅ. असल्यामुळे हिशेब सोपा असतो. उदा., १५० सेंमी. लांब, ६० सेंमी. रुंद व ४० सेंमी. उंच पिशवीत ३६० लि. पाणी, म्हणजेच तेवढेच किलोग्रॅम वजन मावते. मिनिटाला ५० लि. पाणी देणाऱ्या पंपाने ती सु. सात मिनिटांत भरते. पाणी तळातील झडपेतून आत घेतात. पंप दोन्ही दिशांनी चालणारा असल्यास भरणे व उपसणे ही दोन्ही कामे एकाच पंपाने होतात. बांधणीतच बसविलेल्या कठीण टाक्या आणि नंतर ठेवता येणाऱ्या लवचिक पिशव्या असे नीरमाचे दोन प्रकार आहेत. काही नौकांत ह्यांशिवाय शिसे वा पोलाद ह्यांचे स्थिर वजनही ठेवतात.

वजनाच्या जागेचा परिणाम पुढीलप्रमाणे होतो : पिछाडीकडील वजनाने लाट उंच व चढी होते, परंतु आखूड राहते. नाळेकडील वजनाने नौका आडव्या पातळीजवळ येते, पाण्याच्या रेषेवरील तिची लांबी वाढते आणि लाट लांब व सौम्य उताराची होते. एका बाजूच्या वजनाने नौका कलते व त्या बाजूची लाट मोठी आणि गुळगुळीत, तर दुसरीकडील फेसाळ व विस्कळीत होते. प्रवाशांचे वजनही नीरमच होय. सरासरी ७५ किग्रॅ. वजनाची चार माणसे एका बाजूकडून दुसरीकडे गेली, तर ३०० किग्रॅ. वजन एकदम स्थान बदलते व स्वाराच्या पायाखालची लाट क्षणात पालटते.

प्रवाह वळविणाऱ्या रचना : नौकेच्या दोन्ही कुशींवरून मागे वाहत आलेले पाणी पिछाडीच्या मागे एकत्र येते, तेथे ते आदळून खळबळ माजते. एका बाजूची झडप किंवा पट्टी बाहेर काढली, तर त्या बाजूचे पाणी काही अंतरापर्यंत दूर ढकलले जाते व दोन प्रवाहांचा संगम लांबतो. त्यामुळे विरुद्ध बाजूची लाट स्वच्छ राहते. उजवीकडील लाट हवी असल्यास डावीकडील पट्टी उघडतात. नौका कलवावी लागत नसल्याने दोन्ही बाजूंस समान नीरम ठेवता येते आणि बाजू बदलण्यास काही सेकंदच लागतात. डावा पाय पुढे ठेवणारा स्वार सामान्यतः नौकेच्या डाव्या बाजूची लाट पसंत करतो, कारण तेथे त्याचे तोंड लाटेकडे राहते. पट्टी उघडी असताना नौका किंचित तिरकी ओढली जाते. ती ओढ सुकाणूने सावरावी लागते.

ह्यांखेरीज पिछाडीच्या मध्यभागी आडवी पट्टी असते. ती खाली केली की पिछाडी उचलली जाऊन लाट लांबते. काही नौकांत पाण्याखाली उलट्या कोनात धरलेले पाते बसवितात. चालत्या नौकेत ते पिछाडीला खाली खेचते, म्हणजेच पाणी न भरता नीरमाचे काम करते. नौका थांबताच त्याचा परिणाम नाहीसा होतो.

जुळणीची रीत : प्रथम नौकेतील मूळ टाक्या पूर्ण भराव्यात, माणसे ठरलेल्या जागी बसवावीत आणि ताशी १७ ते १८ किमी. वेगाने सरळ रेषेत नौका चालवून लाटेचे निरीक्षण करावे. शिखर फेसाळून ढासळत असल्यास वेग थोडा वाढवावा. लाट स्वच्छ पण ठेंगणी असल्यास पिछाडीकडील वजन वाढवावे. ती उंच असूनही स्वाराला नौकेच्या फार जवळ राहावे लागत असल्यास नाळेकडे वजन द्यावे. बाजूच्या व मधल्या पट्ट्यांची मांडणी सर्वांत शेवटी बदलावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी, अन्यथा सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. अमुक मर्यादेनंतर वजन वाढवून लाट सुधारत नाही. एंजिनावरील भार व इंधनाचा खर्च मात्र वाढत जातो.

स्थैर्य व सुरक्षितता : अर्धवट भरलेली टाकी ही पूर्ण भरलेल्या किंवा रिकाम्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. नौका कलताच आतील पाणी त्याच बाजूस धावते व कल वाढविते. मोकळ्या जलपृष्ठाचा हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. म्हणून टाकीच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक पडदा घातला, तर प्रत्येक भागाचा परिणाम मूळच्या एक अष्टमांश व दोहोंचा मिळून एक चतुर्थांश होतो. ह्याच कारणास्तव पिशव्या हवा काढून पूर्ण भराव्यात व जागीच बांधाव्यात.

नाळेकडे अतिरिक्त वजन ठेवल्यास वेगळा धोका संभवतो. स्वार पडल्यावर चालकाने एकदम वेग कमी केला, तर मागून येणारी स्वतःचीच लाट पिछाडी उचलते, नाळ खाली दबते व पाणी नौकेत शिरते. आधीच जड असलेल्या नौकेला हे पाणी पेलत नाही. वेग क्रमाक्रमाने कमी करणे, वळण रुंद घेणे आणि तळात साचणारे पाणी उपसणारा पंप चालू स्थितीत ठेवणे आवश्यक असते. निर्मात्याने नौकेवर नोंदविलेल्या वजनमर्यादेत माणसे, सामान व जादा नीरम ह्यांची बेरीज बसली पाहिजे. नौका तरंगत आहे एवढ्यावरून ती सुरक्षित आहे असे ठरत नाही.

स्वार पिछाडीपासून अवघ्या काही मीटरांवर असल्याने मळसूत्री पंखा तळाखाली, पिछाडीच्या बराच पुढे असलेलीच नौका ह्या खेळास योग्य होय. पंखा पिछाडीबाहेर मागे असलेली नौका ह्यासाठी कदापि वापरू नये. २०१५ मध्ये व्हॉल्व्हो पेंटा कंपनीने पुढे तोंड केलेल्या पंख्यांची प्रणाली आणल्याने ह्या क्षेत्रात आणखी एक पर्याय उपलब्ध झाला. दुसरा धोका एंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूचा. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनाच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने संयोग पावतो. मंद चालीच्या नौकेमागे हवेचा दाब कमी होऊन धूर तेथेच घोटाळतो. पिछाडीच्या फळीवर बसलेली किंवा तिला धरून तरंगणारी माणसे अशा वेळी शुद्ध हरपून पाण्यात बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून एंजिन चालू असताना त्या फळीवर कोणासही बसू देऊ नये.

जलाशयावरील परिणाम : लाटेतील ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, दुप्पट उंच लाट किनाऱ्यावर चौपट ऊर्जा घेऊन आदळते. १६ मी. लांबीच्या लाटेची हालचाल सु. ८ मी. खोलीपर्यंत जाणवते. तशातच, नाळ वर उचललेल्या नौकेच्या पंख्याचा झोत तिरपा खाली वळतो. त्यामुळे उथळ तलावात तळाचा गाळ ढवळला जातो, त्यातील फॉस्फरस पाण्यात मिसळतो, पाणवनस्पती उपटल्या जातात व किनारे खचतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार सर्वसाधारण नौकेची लाट ६१ मी. (२०० फुट) अंतरावर जेवढी क्षीण होते, तेवढी क्षीण होण्यास वेकसर्फिंगच्या लाटेला १५२ मीटरांहून (५०० फुटांहून) अधिक अंतर लागते. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये लागू केलेल्या नियमांनुसार हा खेळ किनाऱ्यापासून किमान ५०० फुट दूर, किमान २० फुट (सु. ६ मी.) खोल पाण्यात व अशी किमान ५० एकर (सु. २० हेक्टर) सलग जागा असलेल्या तलावांतच खेळता येतो.

नीरमाच्या टाक्या पूर्णतः रिकाम्या होत नाहीत. तळाशी उरलेल्या पाण्यातून सूक्ष्म जीव एका तलावातून दुसऱ्यात जातात. कॅस्पियन व काळा समुद्र ह्यांच्या परिसरातील झेब्रा शिंपला हे शिणाण्यांसारखे दिसणारे मृदुकाय प्राणी मालवाहू जहाजांच्या नीरमजलातून उत्तर अमेरिकेत पोहोचले व १९८८ मध्ये तेथील पंचमहासरोवरांच्या परिसरात आढळले. त्यांचे डिंभ डोळ्यांना दिसत नाहीत. ते लहान नौकांमधूनही पसरू शकतात व नळ, झडपा आणि जलशुद्धिकेंद्रांची तोंडे बुजवितात. मोठ्या जहाजांच्या नीरमजलाबाबत २००४ मध्ये संमत झालेला आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ रोजी अंमलात आला. क्रीडानौकांच्या बाबतीत मात्र तलाव सोडण्यापूर्वी टाक्या उपसणे, गरम पाण्याने धुणे व कोरड्या करणे ह्याची मुख्य जबाबदारी नौकाधारकावरच येते. लाट जितकी मोठी, तितका तिचा पल्लाही लांबचा असतो. त्यामुळे नौकेत नीरम भरताना जलाशयाची खोली व किनाऱ्याचे अंतर ह्यांचाही हिशेब आधीच करावा लागतो.