रिकाम्या यंत्राचे वीजबिल



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, व्याख्यानमालेला येणाऱ्या माणसाला सर्व्हर कधी विकत घ्यायचा आहे काय?" प्रश्न रास्त आहे. परंतु आपण बँकेत पैसे पाठवतो, आगगाडीचे तिकीट काढतो, परदेशातल्या नातवाचे छायाचित्र मोबाईलवर पाहतो, त्या प्रत्येक वेळी कोठल्या तरी इमारतीत हारीने मांडलेली यंत्रे आपल्यासाठी राबत असतात. ह्या इमारती म्हणजे डेटा सेंटरे आणि ती यंत्रे म्हणजे सर्व्हर. अमेरिकेतील अशा इमारतींनी २०२३ साली त्या देशातल्या एकूण विजेपैकी सुमारे ४.४ टक्के वीज वापरली, असा लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचा अंदाज आहे. तेव्हा यंत्र निवडणाऱ्याने चूक केली तर तिचा भुर्दंड फिरून आपल्याच माथी येतो. आणि ही चूक फार सहज होते.

खरेदी करणारा दोन यंत्रांची पत्रके पुढे ठेवतो. दोन्हींचा वेग सारखा. मग पूर्ण भाराला कोणते कमी वीज घेते एवढे पाहतो आणि सही ठोकतो. पण पूर्ण भार येतो कधी? गूगलमधील लुईझ बारोझो आणि उर्स होल्झ्ले ह्या दोघांनी २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पाच हजारांहून अधिक सर्व्हरांवर सहा महिने लक्ष ठेवून त्यांना आढळले की, यंत्रे बहुतेक वेळ आपल्या शक्तीच्या दहा ते पन्नास टक्क्यांवरच चाललेली असतात. क्वचितच अगदी रिकामी आणि क्वचितच अगदी भरलेली. गंमत पुढेच आहे. त्या काळचे चांगले म्हणावे असे यंत्रसुद्धा काहीही काम नसताना पूर्ण भाराच्या सुमारे निम्मी वीज घेत असे. एखाद्या खानावळीत पान एकही मांडलेले नाही आणि चुलीत मात्र निम्मी लाकडे ढणढणत आहेत, असा हा संसार!

आता थोडा हिशोब करू. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. पहिले यंत्र पूर्ण भाराला ४०० वॅट घेते, रिकामे असता २००. दुसरे पूर्ण भाराला ४२० घेते, पण रिकामे असता १००. पत्रकावर पहिलेच सरस दिसते. पण नेहमीचा भार वीस टक्के धरला आणि वीज भाराच्या प्रमाणात वाढते असे मानले, तर पहिले २४० वॅट घेईल आणि दुसरे १६४. फरक ७६ वॅटचा. वर्षाचे ८,७६० तास. म्हणजे यंत्रामागे सुमारे ६६६ युनिटे. इमारत थंड ठेवण्याचा खर्च धरून हा आकडा दीडपटीहून थोडा अधिक, १.६ पट, करा. ती झाली १,०६५ युनिटे. युनिटला दहा रुपये दर धरला तर शंभर यंत्रांमागे वर्षाला साडेदहा लाखांहून अधिक रुपये. आणि हे त्या वीस वॅटांच्या मोहापायी!

कोणी म्हणेल, यंत्रे रिकामी ठेवताच कशाला? शंभर टक्के राबवा! ते जमत नाही, आणि का जमत नाही हे तिकिटाच्या खिडकीशी उभा राहिलेला कोणीही सांगेल. माणसे ठरल्या वेळी येत नाहीत, झुंडीने येतात. रांगांचे गणित असे आहे की, साध्या नमुन्याप्रमाणे खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल तर माणसाला एकूण दुप्पट वेळ लागतो. नव्वद टक्के वेळ गुंतलेली असेल तर दहापट. म्हणून थोडा रिकामेपणा विकत घ्यावाच लागतो. मात्र दहा यंत्रे प्रत्येकी दहा टक्क्यांवर चालत असतील तर त्यांची कामे तिघांवर घालून बाकीची सात बंद करता येतात. नवे यंत्र घेण्यापूर्वी हे करावे. विक्रेता हे सांगणार नाही.

पत्रकात मग मागावे तरी काय? २००७ च्या अखेरीस 'स्पेक' ह्या संस्थेने एक कसोटी काढली. तीत यंत्राचे काम व वीज शंभर टक्के भारापासून दहा-दहाने उतरत मोजतात आणि शेवटी रिकामेपणीही मोजतात. ह्या अकरा आकड्यांची ओळ मागून घ्यावी आणि आपला नेहमीचा भार जेथे पडतो तो आकडा पाहावा. तरी आपले स्वतःचे काम त्या यंत्रावर चालवून पाहणे ह्यासारखी कसोटी नाही. वीजपुरवठ्याच्या पेटीचेही तसेच. ती निम्म्या भाराला उत्तम चालते आणि अगदी हलक्या भाराला वीज उधळते. गरजेपेक्षा फार मोठी पेटी घेणे ही खबरदारी नसून उधळपट्टी आहे.

आता पंख्यांकडे येतो, कारण तेथे मोठी मौज आहे. पंख्याची गती निम्मी केली तर त्याला लागणारी शक्ती निम्मी होत नाही, एक-अष्टमांश होते! फेसबुकच्या अभियंत्यांनी २०११ साली ओरेगन राज्यातील प्राइनव्हिल येथील इमारतीसाठी सर्व्हर स्वतः आखले, तेव्हा हाच नियम वापरला. नेहमीचा सर्व्हर चपटा, त्यात चिमुकले पंखे केकाटत फिरतात. ह्यांनी यंत्र दीडपट उंच केले आणि मोठे पंखे सावकाश फिरवले. शोभेचे झाकणही काढून टाकले, कारण ते वाऱ्याच्या वाटेत येत होते. तेवढेच काम कंपनीच्या आधीच्या सोयींपेक्षा ३८ टक्के कमी ऊर्जेत होते, असे त्यांनी जाहीर केले आणि आराखडेही सर्वांना खुले केले.

येथे एक सापळा आहे. इमारतीची एकूण वीज भागिले यंत्रांची वीज, ह्या गुणोत्तराला पी. यू. ई. म्हणतात, ते एकाच्या जितके जवळ तितके बरे. समजा, यंत्रे १०० आणि थंडाव्याची सोय ५० घेते, गुणोत्तर १.५. चांगले पंखे बसवून यंत्रांचे ९० झाले, थंडाव्याचे ४८ झाले. एकूण वीज १५० वरून १३८ वर आली, पण गुणोत्तर १.५३ वर चढले! यंत्रातला पंखा यंत्राच्या खाती पडतो, म्हणून असे होते. केवळ ह्या गुणोत्तरावर शाबासकी वाटणारा मालक चांगल्या पंख्याला शिक्षा करील.

प्राइनव्हिलचे सारेच आपल्याकडे उचलून आणता येणार नाही. तेथे बाहेरची हवा पाण्याच्या तुषारांनी निववून आत सोडतात. तत्त्व आपल्या वाळ्याच्या ताट्यांचेच. ताटी नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात खोली गार करते. मुंबईच्या दमट हवेत नुसती भिजून राहते. आणि आपल्या देशातील डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा भाग आहे तो मुंबई-नवी मुंबईत, कारण समुद्राखालच्या तारा तेथे किनाऱ्याला लागतात. तेथे यंत्राने वाया घालवलेला प्रत्येक वॅट उष्णता होऊन बसतो आणि तो बाहेर काढायला पुन्हा वीज मोजावी लागते. म्हणून ऐरोलीत बसवायच्या सर्व्हरच्या पत्रकात रिकामेपणीचा आकडा ओरेगनपेक्षाही आधी वाचावा लागतो.