‘दशावतार’ : एका ध्वनिमुद्रिकेचे गुणदोष

यवतमाळच्या एखाद्या सुशिक्षित घरांत तिन्हीसांजेला देवापुढें दिवा लागलेला असतो, आणि त्याच वेळीं आंतल्या खोलींतून घणाचे घाव पडावेत तसा आवाज सुरू होतो. आजी विचारते, “हें काय लावलें आहेस, बाबा?” नातू सांगतो, “दशावतार.” आजीला ती थट्टा वाटते, पण नातू खोटें बोलत नसतो.

मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ नांवाच्या वाद्यसंचानें २०१७ सालीं ‘दशावतार’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. गायक आणि गिटारवादक साहिल मखीजा यांनीं हा संच २००० सालीं उभा केला. मुद्रिकेंत गाणीं दहा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारास एक. कथा आपली, शब्द इंग्रजी, आणि गाण्याची तऱ्हा परदेशी ‘मेटल’ संगीताची. अशा मिश्रणाचें मोल करावयाचें तर आधीं ती तऱ्हा समजून घेतली पाहिजे.

हेवी मेटल संगीताचा उगम इंग्लंडांतला. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या संचाची पहिली तबकडी १९७० सालची. पुढें त्याच्या अनेक शाखा झाल्या. त्यांपैकीं ‘पॉवर मेटल’ ही शाखा जर्मनींत फोफावली. हॅम्बुर्गच्या ‘हेलोवीन’ संचाच्या १९८७ आणि १९८८ सालच्या जोडमुद्रिका ह्या शाखेचा आदर्श मानल्या जातात. उंच व स्वच्छ गळा, घोडदौडीसारखी लय, दोन गिटारींनीं मिळून वाजविलेली सुरावट आणि वीरांच्या अद्भुत कथा हीं तिचीं लक्षणें. दुसरी शाखा ‘डेथ मेटल’ची. तिच्यांत गायक गळा दाबून गुरगुरतो. मुंबईच्या ह्या संचानें दोन्ही शाखांतून घेतलें आहे. वीरकथेची हौस आणि वाद्यमेळाचा भरगच्चपणा पॉवर मेटलच्या घरचा आहे. गुरगुर मात्र दुसऱ्या घरची. म्हणून ही मुद्रिका शुद्ध पॉवर मेटल नव्हे, तिची जवळची नातलग आहे.

आतां गुण पाहूं. पहिला गुण विषयाच्या निवडीचा. वीर, रौद्र आणि भयानक ह्या रसांसाठींच जणूं हें संगीत जन्मलें आहे, आणि अवतारकथांत ह्या रसांना तोटा नाहीं. पृथ्वी दांतांवर उचलणारा वराह, परशु उगारलेला भार्गवराम, जगाच्या अंतीं येणारा कल्की, हे विषय मंद्र गिटारींस आणि दोन्ही पायांनीं वाजविल्या जाणाऱ्या ढोलास सहज पेलतात. त्यांतही नरसिंह विशेष. एकाच गाण्यांत स्वच्छ मानवी गळा आणि श्वापदाची गुरगुर एकत्र नांदविणें, ही ह्या तऱ्हेची खासियत. अर्धा नर आणि अर्धा सिंह अशा देवतेचें वर्णन करण्यास याहून योग्य साधन शोधूनही सांपडणार नाहीं.

दुसरा गुण रचनेचा. हीं दहा सुटीं गाणीं नव्हेत. एका सूत्रांत ओंवलेली माळ आहे. तिसरा गुण धीटपणाचा. परदेशी चालीवर आपल्या देशांतील तरुणांनीं नुसती नक्कल केली नाहीं. आपली कथा घेतली, आणि सतारीसारखें वाद्यही त्या मेळांत आणून बसविलें.

दोष मात्र ह्याच गुणांच्या पोटांतून निघाले आहेत. गुरगुरणाऱ्या गळ्यांतून शब्द उमटत नाहींत. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हां शेवटच्या रांगेंतील म्हातारीलाही प्रल्हादाचा शब्द न् शब्द पोंचतो. येथें छापील गीत हातांत घेतल्यावांचून कोणता अवतार चालला आहे हेंही नवख्यास उमगणार नाहीं. कथा सांगण्याचा संकल्प करून कथाच ऐकूं न येणें, हा लहान दोष नव्हे.

दुसरा दोष एकसुरीपणाचा. विद्युत्-गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केला कीं हलका आणि जोराचा आघात ह्यांतील अंतर पुसलें जातें आणि सूर विझावयाचा तोच दणकट राहतो. सतारीचें सारें सौंदर्य आघातानंतर विरत जाणाऱ्या सुरांत आणि मिंडींत असतें. त्या आवाजाच्या भिंतीपुढें ती पाहुण्यासारखी दारांतच उभी राहते. वामनाच्या कथेचा प्राण बळीनें मस्तक नमविण्याच्या क्षणीं आहे. तेथें क्षणभर स्तब्धता हवी. कृष्णाचें गुराखीपण मुरलीवांचून आणि मोकळ्या रानावांचून कसें दिसावें? नऊ रसांपैकीं तीनच ज्या भाषेस उत्तम येतात, तिनें दहाही अवतार सांगावयास घेतले, कीं अशी ओढाताण व्हावयाचीच.

तिसरा प्रश्न नवव्या गाण्याचा. तें बुद्धावर आहे. बुद्धास अवतार मानण्याची कल्पना पुराणांतली. बाराव्या शतकांतील जयदेवानेंही ती स्वीकारली. महाराष्ट्रांतील जुन्या पंचांगांत त्या स्थानीं कित्येकदां विठ्ठल दाखविलेला असतो. उलट, १९५६ च्या ऑक्टोबरांत नागपुरास झालेल्या धम्मदीक्षेच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्धास विष्णूचा अवतार न मानण्याची एक स्पष्ट प्रतिज्ञा आहे. यवतमाळ जिल्ह्यांत बौद्ध कुटुंबांची वस्ती मोठी आहे. तेथील तरुणास हें गाणें परंपरेचें वाटणार नाहीं. आपल्या शास्त्याला दुसऱ्याच्या यादींत बसविल्यासारखें वाटेल. कलावंतांचा हेतु कांहींही असो, ही यादी वादातीत नाहीं, याचें भान श्रोत्यानें ठेवावें. शिवाय करुणा आणि शांति शिकविणाऱ्या महापुरुषास रणवाद्यांचा मखर शोभतो काय, हा रसाचा प्रश्न उरतोच.

मग ही मुद्रिका ऐकावी कीं ऐकूं नये? ऐकावी, पण सबंध एका दमांत नव्हे. वराह, नरसिंह आणि परशुराम आधीं ऐकावेत, आवाज बेताचा ठेवावा आणि गीतांचे शब्द समोर असावेत. आजीला कथा ठाऊक आहे, पण तो नाद परका आहे. नातवाला नाद प्रिय आहे, पण हिरण्यकशिपूचा वर नेमका काय होता, हें त्याला सांगतां येईलच असें नाहीं. त्यानें आवाज थोडा कमी करावा आणि तिला शब्द वाचून दाखवावेत. तिनें खांबापाशीं काय घडलें तें सांगावें. मुद्रिकेंत जी कथा ऐकूं येत नाहीं, ती निदान त्या खोलींत तरी ऐकूं येईल.