कपाशीतील दुहेरी वारसा

विदर्भ-खानदेशाच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पेरली जाणारी कपाशी ही वस्तुतः एकच वनस्पती नव्हे. शेतकरी ‘देशी’ आणि ‘अमेरिकन’ असे जे दोन प्रकार ओळखतो, त्यांत केवळ धाग्याच्या लांबीचा फरक नाही. देशी कपाशीच्या प्रत्येक पेशीत २६ गुणसूत्रे असतात, तर अमेरिकन कपाशीच्या पेशीत बरोबर दुप्पट, म्हणजे ५२. हा निव्वळ योगायोग नसून उत्क्रांतीच्या एका महत्त्वाच्या प्रक्रियेची ती खूण आहे.

१९३४ साली स्कोव्हस्टेड या शास्त्रज्ञाला असे आढळले की, अमेरिकन कपाशीच्या २६ जोड्यांपैकी १३ आकाराने मोठ्या असून त्या आशियाई कपाशीच्या गुणसूत्रांशी जुळतात. उरलेल्या १३ लहान असून त्यांचे साम्य अमेरिकेतील रानटी कपाशीशी आहे. याचा अर्थ उघड होता. दोन भिन्न जातींचा संकर होऊन त्यांची गुणसूत्रे एकाच वनस्पतीत एकत्र आली होती. आफ्रिका-आशियातील कुळाचे बी समुद्रप्रवाहाबरोबर अमेरिकेत पोहोचले असावे आणि हा संकर सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी घडला असावा, असे मानले जाते.

असा संकर साधारणतः वांझ असतो. परागकण आणि बीजांडे तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार मिळावा लागतो; परक्या गुणसूत्रांत तो मिळत नाही. मात्र पेशीविभाजनात चूक होऊन सर्व गुणसूत्रे दुप्पट झाली, तर प्रत्येकाला जोडीदार लाभतो आणि वनस्पती फलधारणा करू शकते. कोल्चिसिन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट करता येतात, हे १९३७ च्या सुमारास कळल्यावर १९४० साली बीस्ली यांनी आशियाई व रानटी अमेरिकन कपाशीपासून अशी दुप्पट गुणसूत्रांची संकरित वनस्पती प्रत्यक्ष निर्माण केली. निसर्गात घडलेल्या घटनेची ती जणू पुनरावृत्तीच होती.

गुणसूत्रे दुप्पट झाली म्हणजे प्रत्येक जनुकाच्याही दोन प्रती झाल्या. सुसुमु ओनो यांनी १९७० साली आपल्या ग्रंथात याच गोष्टीचे महत्त्व विशद केले. जनुक एकच असेल, तर त्यातील बहुतेक मोठे बदल घातक ठरतात, कारण त्याचे काम करणारा दुसरा कोणी नसतो. दुसरी प्रत असली की एक प्रत जुने काम सांभाळते आणि दुसरी बदलास मोकळी राहते. अशा पुष्कळ प्रती कालांतराने निकामी होऊन नाहीशा होतात. काही जोडीदाराशी काम वाटून घेतात. क्वचित एखादी अगदी नवे कार्य पत्करते. कपाशीत याचे नवलाचे उदाहरण सापडते. रानटी अमेरिकन पूर्वजाला सूत काढण्याजोगा धागा नाही. तरीही आजच्या अमेरिकन कपाशीच्या धाग्याची प्रत ठरविणारी अनेक जनुके त्याच्याच वाट्यातील गुणसूत्रांवर आहेत. देशी कपाशीही या नियमाला अपवाद नाही. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तिच्या पूर्वजांतही गुणसूत्रसंच अनेकपट झाला होता व पुढे तो पुन्हा आटत गेला.

या गोष्टीचा शेतीशी निकटचा संबंध आहे. देशी कपाशी अवर्षण व रसशोषक किडी यांना अधिक तोंड देते. अमेरिकन कपाशीचा धागा लांब असतो. दोहोंचे गुण एकत्र आणावेत, असे कोणासही वाटेल. परंतु त्यांच्या संकरात ३९ गुणसूत्रे येतात. तेरा जोड्या जुळतात, तेरा गुणसूत्रे एकाकी राहतात आणि झाड वांझ होते. म्हणूनच १९७० साली सुरतेहून प्रसृत झालेले ‘एच-४’ आणि १९७२ चे धारवाडचे ‘वरलक्ष्मी’ हे गाजलेले संकर ५२ गुणसूत्रांच्या वाणांतूनच साधले गेले. देशी वाणांतील गुण आणायचे, तर आधी गुणसूत्रे दुप्पट करून नंतर अमेरिकन वाणाशी पुनःपुन्हा संकर करण्याचा लांबचा मार्ग धरावा लागतो.

२००२ नंतर बीटी संकरांचा प्रसार झाला आणि देशी कपाशीचे क्षेत्र फारच आक्रसले. तिचे वाण नाहीसे झाले, तर त्यांच्यातील जनुकसंपत्तीही जाईल, आणि हा लांबचा मार्गही निरुपयोगी ठरेल. कारण ज्या जनुकाची एकही प्रत शिल्लक नाही, त्याची दुप्पट कोणत्याही उपायाने करता येत नाही.